बालवाडी ते अंगणवाडी : शाळापूर्व बालकांच्या वनस्पतिजन्य पोषक आहाराची ऐतिहासिक वाटचाल (१९४५ ते २०१३)

प्रस्तावना

तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकाला दिवसातून एक वेळ पोटभर व सकस अन्न मिळावे, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. मात्र ते अन्न कोणते असावे, ते कोणी शिजवावे आणि त्याचे मोजमाप कशाने करावे, या तीन प्रश्नांवर स्वातंत्र्योत्तर भारतात अनेक दशके वाद चालू राहिला. धान्य, कडधान्य, शेंगदाणे, गूळ व भाजीपाला यांवर आधारलेला आहार वाढत्या वयाच्या मुलाला पुरेसा आहे काय, हा या वादाचा गाभा होता. शास्त्रज्ञ, शासन, न्यायालय व स्वयंसेवी संस्था या सर्वांनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा परिणाम गावातील अंगणवाडीच्या पातेल्यापर्यंत पोहोचला. म्हणून हा विषय केवळ आहारशास्त्राचा नसून सामाजिक इतिहासाचाही आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महाराष्ट्रातील बालवाडी चळवळ व शासकीय पूरक आहार योजना यांतील संबंध तपासणे, (२) प्रथिनांच्या कमतरतेविषयीच्या वादाचा बालकांच्या आहारावर झालेला परिणाम स्पष्ट करणे, (३) वनस्पतिजन्य आहाराचे सामर्थ्य व मर्यादा यांचे ऐतिहासिक अनुभवाच्या आधारे मूल्यमापन करणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

अंगणातील शाळा

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) या आरंभापासून त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले आणि वारली मुलांपर्यंत पोहोचले.

शहरी मध्यमवर्गासाठी आखलेली माँटेसरी पद्धती खेड्यात जशीच्या तशी चालणार नाही, हे या दोघींच्या लवकरच लक्षात आले. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, हा ‘अंगणवाडी’चा मूळ विचार त्या अनुभवातून जन्माला आला. मुलांची आंघोळ, केस विंचरणे व नखे कापणे यांपासून दिवसाची सुरुवात होई; अक्षरओळख त्यानंतरची गोष्ट होती. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, काड्या अशी परिसरात सहज मिळणारी साधने वापरली जात. शिक्षणाआधी शरीर, आणि बाहेरून आणलेल्या वस्तूंआधी परिसरातील वस्तू, ही दोन तत्त्वे येथे प्रत्यक्षात आली. बालकांच्या आहाराच्या पुढील इतिहासात हीच तत्त्वे कधी पाळली गेली व कधी विसरली गेली, असे दिसून येते.

प्रथिनांची चिंता आणि कारखान्यातील पीठ

सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथील बालकांमध्ये आढळणाऱ्या ‘क्वाशिओरकोर’ या रोगाचे वर्णन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर या रोगाचे कारण प्रथिनांची कमतरता हे मानले गेले आणि गरीब देशांतील कुपोषण म्हणजे प्रामुख्याने प्रथिनांचा अभाव, असे समीकरण रूढ झाले. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालाने ‘प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटा’चा इशारा दिला.

या विचाराला भारतात मिळालेला प्रतिसाद लक्षणीय आहे. दूध सर्वांना पुरविणे शक्य नव्हते. म्हणून वनस्पतिजन्य प्रथिनांचा शोध सुरू झाला. म्हैसूर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या नेतृत्वाखाली शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ ७५ टक्के व हरभऱ्याचे पीठ २५ टक्के या प्रमाणात ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले व त्यात जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम मिसळले. पुढे गहू, शेंगदाणे व हरभरा यांवर आधारित ‘बालाहार’ आला. तेल गाळल्यावर उरणारी, बहुधा जनावरांपुढे टाकली जाणारी पेंड मुलांच्या उपयोगी आणण्याचा हा प्रयत्न कल्पक होता. परंतु १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी दगावले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. त्यानंतर शेंगदाण्याच्या पिठाची साठवण व तपासणी हा गंभीर प्रश्न बनला.

१९७० च्या दशकातील योजना याच पार्श्वभूमीवर आल्या. १९७०-७१ मध्ये विशेष पोषण आहार कार्यक्रम व बालवाडी पोषण आहार कार्यक्रम सुरू झाले. बालवाडी कार्यक्रमात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दररोज ३०० किलोकॅलरी व १० ग्रॅम प्रथिने देण्याचे ठरले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. त्या काळात वाटलेली ‘सुकडी’ व रेशनवरील तांबडा ‘मिलो’ यांच्या आठवणी महाराष्ट्राच्या खेड्यांत दीर्घकाळ सांगितल्या गेल्या. दि. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे बोर्डीतील अनुभवातून आलेले नाव देशभर पोहोचले. नाव अंगणातले होते. तथापि अनेक ठिकाणी अन्न मात्र परदेशी मदतीतून आलेल्या मका-सोयाच्या पिठाचे होते.

पोटभर अन्नाचा युक्तिवाद

याच सुमारास प्रथिनविषयक समजुतीलाच आव्हान दिले गेले. त्यात दोन भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोलाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये असे दाखविले की, क्वाशिओरकोर झालेल्या व केवळ शुष्क होत गेलेल्या बालकांच्या आहारात मूलतः फरक नव्हता. शाळापूर्व मुलांच्या आहारातील मुख्य उणीव प्रथिनांची नसून एकूण ऊर्जेची, म्हणजे पोटभर अन्नाची होती.

दुसरे शास्त्रज्ञ म्हणजे सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११-१९९७) होत. अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते १९५१ ते १९७० या काळात संचालक होते. भारतीय आहारपाहण्यांच्या आकड्यांचे पुनर्विश्लेषण करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, धान्य-कडधान्याचा नेहमीचा आहार पुरेशा प्रमाणात घेतल्यास प्रथिनांची गरज बहुतांशी आपोआप भागते. अन्न अपुरे असेल, तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. अशा स्थितीत वेगळे प्रथिन देणे म्हणजे चूल पेटविण्यासाठी घराचे वासे वापरण्यासारखे होय. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या संपूर्ण प्रथिनमोहिमेला ‘महान फजिती’ ठरविले.

या युक्तिवादाची दुसरी बाजूही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. व्यक्तीची ऊर्जेची गरज स्थिर नसते व शरीर काही प्रमाणात कमी आहाराशी जुळवून घेते, असे प्रतिपादन सुखात्मे यांनी पुढे केले. त्यावरून पुण्यातच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रदीर्घ वाद झाला. १९८२ मध्ये डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली. खुजेपणा हा गरिबांसाठी स्वीकारार्ह मानण्यास गोपालन यांनी कडाडून विरोध केला. तात्पर्य, प्रथिनांची अवाजवी भीती दूर करणारा विचारच, सावधगिरी न बाळगल्यास, अपुऱ्या ताटाचे समर्थन करू शकतो.

एका ताटाचा हिशेब

शास्त्रीय वादाचा व्यावहारिक अर्थ समजण्यासाठी एका ताटाचा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. भारतीय अन्नघटक कोष्टकांनुसार ४० ग्रॅम तांदळातून सुमारे १३८ किलोकॅलरी व पावणेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम मूगडाळीतून सुमारे ७० किलोकॅलरी व पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. ५ ग्रॅम तेल ४५ किलोकॅलरी देते. त्यात १० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट घातल्यास आणखी सुमारे ५७ किलोकॅलरी व अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण बेरीज ३१० किलोकॅलरी व १० ग्रॅम प्रथिने होते. म्हणजे १९७० च्या दशकात ठरलेले प्रमाण कोणत्याही कारखान्याविना, घरच्या खिचडीने पूर्ण होत होते. हैदराबाद येथे विकसित झालेल्या ‘हैदराबाद मिश्रणा’तही ४० ग्रॅम गहू, १६ ग्रॅम हरभरा, १० ग्रॅम शेंगदाणे व २० ग्रॅम गूळ हेच परिचित पदार्थ होते आणि त्यातून सुमारे ३३० किलोकॅलरी व ११ ग्रॅम प्रथिने मिळत.

या मिश्रणांमागील तत्त्व परंपरेला अपरिचित नव्हते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यात मेथिओनिन. दोन्ही एकत्र आल्यावर एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी, थालीपीठ या पदार्थांत हा मेळ पिढ्यान्‌पिढ्या साधलेला आहे.

तथापि मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा आकारमानाची. धान्य शिजताना भरपूर पाणी शोषते. तीन वर्षांच्या मुलाचे पोट पातळ खिचडीने भरते, परंतु त्याची ऊर्जेची गरज भागत नाही. म्हणूनच हिशेबातील ते ५ ग्रॅम तेल व १० ग्रॅम कूट महत्त्वाचे ठरतात; आणि पुरवठ्यात काटकसर सुरू झाली की पातेल्यातून प्रथम तेच नाहीसे होतात. धान्याला मोड आणून त्याचे पीठ केल्यास खीर पातळ राहूनही अधिक ऊर्जा देते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर संशोधन केले. महाराष्ट्रातील नाचणीसत्त्व हे याच ज्ञानाचे घरगुती रूप होय. दुसरी मर्यादा सूक्ष्म पोषकद्रव्यांची. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्यासाठी लिंबू, आवळा यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांची जोड लागते. बी-१२ हे जीवनसत्त्व तर वनस्पतिजन्य अन्नातून विश्वासार्हपणे मिळत नाही. त्यासाठी दूध, अंडी अथवा संपृक्त अन्न आवश्यक आहे. महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत पुढे बालकांसाठी अंडी, व अंडी न खाणाऱ्यांसाठी केळी, देण्याची तरतूद झाली. या दोहोंचे पोषणमूल्य समान नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

अन्नाचा हक्क व चुलीचा प्रश्न

१९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. अंगणवाड्यांचे जाळे असूनही मुले दगावत होती, ही वस्तुस्थिती समोर आली. एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अन्नहक्क याचिकेने या प्रश्नाला नवे वळण दिले. दि. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सहा वर्षांखालील प्रत्येक बालकाला ३०० किलोकॅलरी व ८ ते १० ग्रॅम प्रथिनांचा आहार हा हक्क म्हणून मान्य केला. दि. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने पुरवठ्यात ठेकेदारांना मज्जाव करून स्थानिक महिला मंडळे व बचत गटांना प्राधान्य देण्यास सांगितले, तसेच प्रतिबालक दैनंदिन खर्च एका रुपयावरून दोन रुपये केला. दि. १३ डिसेंबर २००६ रोजी अंगणवाडीचे सार्वत्रिकीकरण आदेशित झाले.

२००९ मध्ये आहाराचे प्रमाण ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सकाळचा नाश्ता व गरम ताजे जेवण ही त्याची रूपे ठरली. २०२३ मध्ये कायद्याच्या परिशिष्टात सुधारणा होऊन सूक्ष्म पोषकद्रव्यांचाही समावेश झाला.

तरीही ‘कोण शिजविणार’ हा प्रश्न मिटला नाही. बचत गटांच्या नावाआड मोठे पुरवठादार काम करीत असल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. घरपोच आहाराच्या २०१६ मधील निविदाप्रक्रियेतील अटी छोट्या गटांना बाहेर ठेवणाऱ्या असल्याचे मानून न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ती प्रक्रिया रद्द केली. गावातील महिलेने शिजविलेल्या खिचडीत मीठ कमी-जास्त झाले, तर दुसऱ्या दिवशी एखादी आई तिला विचारू शकते. दूरच्या कारखान्यातून आलेल्या बंद पाकिटाला असे विचारणारे कोणी नसते. पोषणाचा दर्जा व उत्तरदायित्व यांचे नाते येथे दिसते.

निष्कर्ष

१. वनस्पतिजन्य आहार शाळापूर्व बालकांची ऊर्जा व प्रथिनांची गरज भागवू शकतो. मात्र धान्य, कडधान्य, तेलबिया व तेल हे सर्व घटक योग्य प्रमाणात ताटात असणे ही त्याची अट आहे.

२. प्रथिनविषयक वादाने धोरणाला काही काळ तयार मिश्रणांकडे वळविले. पुढील संशोधनाने पोटभर अन्नाचे महत्त्व सिद्ध केले.

३. बी-१२ व लोह यांबाबतच्या मर्यादा मान्य करूनच आहाराची आखणी झाली पाहिजे. परवडणारा वनस्पतिजन्य आहार हा पाया आहे. तो अंडी वा दूध नाकारण्याचे कारण ठरू नये.

४. न्यायालयीन आदेशांमुळे दयेचे रूपांतर हक्कात झाले. परंतु हक्काची अंमलबजावणी अखेर स्थानिक चुलीवर अवलंबून राहते.

बोर्डीच्या अंगणात ताराबाई व अनुताईंनी परिसरातील साधनांवर विश्वास ठेवला होता. मुलाच्या ताटाविषयीही तोच विश्वास आवश्यक आहे. चाळीस ग्रॅम तांदूळ व वीस ग्रॅम डाळ यांचे शास्त्र आज सर्वांना उपलब्ध आहे. त्यावरील चमचाभर तेल व मूठभर कूट प्रत्येक मुलापर्यंत पोहोचते की नाही, यावरच या दीर्घ वाटचालीचे यश मोजले जाईल.