स्वस्त विद्युत मोटारींपुढे आलिशान गाड्यांचे मोल

उज्जैनमध्ये 2024 च्या मार्च महिन्यापासून गुढीपाडव्यापर्यंत भरलेल्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात मध्य प्रदेश सरकारने वाहनकरात 50 टक्के सवलत दिली. ग्वाल्हेरच्या मेळ्यात ही प्रथा आधीपासून होती. तो मेळा माधवराव शिंदे यांनी 1905 मध्ये सुरू केलेला. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी उज्जैनलाच होती, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा. कर किमतीच्या टक्केवारीने आकारला जात असल्याने गाडी जितकी महाग, तितकी सवलतीची रक्कम मोठी. मात्र जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या किमतीवरून ठरतो. वर्षभरापूर्वी पूर्ण कर भरलेल्या मालकाला विकताना हा फरक सोसावा लागतो.

मेळा संपला की ही घट थांबते. विद्युत गाड्यांच्या बाबतीत ती थांबत नाही, कारण तेथे मूळ तंत्रच स्वस्त होत आहे.

पुण्याजवळच्या चाकणचे उदाहरण बोलके आहे. मर्सिडीजने सप्टेंबर 2022 मध्ये तेथे जुळणी केलेली ‘ईक्यूएस 580’ बाजारात आणली. दालनातील किंमत 1 कोटी 55 लाख रुपये, बॅटरी 107.8 किलोवॅट तासांची, चाचणीतील पल्ला 857 किलोमीटर. त्याच चाकणमधून महिंद्राची ‘बीई 6’ निघते. तिचे 79 किलोवॅट तासांचे वरच्या श्रेणीतील रूप 26 लाख 90 हजारांना जाहीर झाले. पल्ला 682 किलोमीटर. किंमत पाचव्या हिश्श्याहूनही कमी, पल्ला मात्र पाऊणपटीहून अधिक.

पेट्रोल गाड्यांत असे सहसा घडत नसे. उत्तम इंजिन घडवण्याची विद्या मोजक्या कारखान्यांकडे होती आणि ग्राहक तिचेच दाम मोजत असे. विद्युत गाडीत तो मान बॅटरीकडे गेला. 2010 च्या सुमारास दर किलोवॅट तासामागे हजार डॉलरहून अधिक पडणारी बॅटरी 2024 मध्ये सरासरी 115 डॉलरच्या आसपास आली. आलिशान गाडीच्या किमतीतील जो भाग बॅटरी आणि पल्ल्यासाठी होता, तोच आधी वितळतो. आसनांचे चामडे, आतील शांतता, सेवा आणि बोधचिन्हाचा दबदबा टिकतो; पण दुसऱ्या हाताच्या खरेदीदाराला दबदब्यापेक्षा बॅटरीच्या आयुष्याची चिंता अधिक असते.

नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचे काय होते, हे अमेरिकेत दिसले. टेस्लाने 2023 च्या आरंभी दर कापले आणि भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झने जानेवारी 2024 मध्ये सुमारे 20,000 विद्युत गाड्या विकण्याचे जाहीर केले. घसरलेले मूल्य हे त्यामागचे एक कारण होते.

भारतात करांचा टेकू आहे. नव्या विद्युत गाडीवर, ती आठ लाखांची असो वा दीड कोटीची, वस्तू व सेवा कर 5 टक्केच. महाराष्ट्राने 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरील विद्युत गाड्यांसाठी 6 टक्के वाहनकर सुचवला होता, तो मार्चमध्येच मागे घेतला. या सवलती नव्या गाडीला मिळतात. वापरलेल्या आलिशान गाडीशी तिची स्पर्धा त्यामुळे अधिकच तीव्र होते.

अशी गाडी जुन्या बाजारात घेणाऱ्याने बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावे चालते का, हे आधी पाहावे. महिंद्राची आजीवन हमी पहिल्या खासगी मालकापुरती आहे. हस्तांतरानंतर ती 10 वर्षे किंवा 2 लाख किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथवरच उरते. मर्सिडीजने ‘ईक्यूएस’च्या बॅटरीला 10 वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटरची हमी दिली होती. उरलेली वर्षे आणि किलोमीटर मोजूनच भाव ठरवावा.