मोहाचे फूल, फळ आणि बी : नंदुरबार जिल्ह्यातील एका वृक्षाचा इतिहास

प्रस्तावना

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांत राहणाऱ्या भिल्ल, पावरा आदी समाजांना मोहाच्या झाडापासून अन्न, तेल, मद्य आणि रोख पैसा अशा चारही गोष्टी मिळत आल्या आहेत. मोहाचा इतिहास मात्र सामान्यतः मद्य आणि अबकारी महसूल यांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. हा वृक्ष आपला वंश कसा चालवितो, हे प्रथम ध्यानात घेऊन त्याच्या फूल, फळ आणि बी या तीन अवस्थांकडे समाजाने व शासनाने कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोहाचे पुनरुत्पादन

विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या वृक्षाचे वर्णन ‘बासिया लॅटिफोलिया’ या नावाने केले. आज त्याचा समावेश ‘मधुका लाँगिफोलिया’ या जातीत केला जातो. फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेल्या फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. कळी पूर्ण उमलण्यापूर्वीच स्त्रीकेसराची कुक्षी बाहेर डोकावते आणि पुंकेसर त्यानंतर परिपक्व होतात. या क्रमामुळे परपरागीभवनास अनुकूलता लाभते. रात्री गोड, मांसल दलपुंजाच्या ओढीने येणारी फलाहारी वटवाघळे या परागीभवनात महत्त्वाचा वाटा उचलतात.

पहाटे जमिनीवर जो सडा पडतो, तो संपूर्ण फुलाचा नसतो. पुंकेसरांसह गळून पडतो तो केवळ दलपुंज. अंडाशय निदलपुंजासह फांदीवरच राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचे फळ होते. म्हणूनच फुले वेचल्याने फळधारणेस बाध येत नाही. एकाच झाडापासून चैत्रात फूल आणि ज्येष्ठ-आषाढात तेलबी मिळते, याचे मूळ या रचनेत आहे. फळ खाणारी वटवाघळे व पक्षी बिया दूर नेऊन टाकतात. तथापि, मोहाचे बी फार काळ टिकत नाही. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती क्षीण होते, त्यामुळे पहिल्या पावसात ते मातीत पडणे अगत्याचे ठरते.

फूल आणि शासन

१८१८ नंतर खानदेश ब्रिटिश अमलाखाली आला. १८७८ हे वर्ष या प्रदेशाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या एकाच वर्षी भारतीय वन कायदा आणि मुंबई अबकारी कायदा असे दोन्ही कायदे संमत झाले. पहिल्याने जंगलावरील शासकीय नियंत्रण दृढ केले, तर दुसऱ्याने घरगुती गाळपास गुन्ह्याचे स्वरूप दिले. पुढे १८९२ मध्ये मुंबई प्रांतात मोहफुलांचा साठा व विक्री यांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. दुष्काळात आधार देणारे अन्न अशा रीतीने संशयास्पद कच्चा माल ठरले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालीही मोहफुले नियंत्रित वस्तूच राहिली.

आदिवासी समाजातून उभ्या राहिलेल्या सुधारणा चळवळींनीही मद्याचा प्रश्न हाती घेतला. १९२२ मध्ये शेजारच्या दक्षिण गुजरातेत देवी चळवळ पसरली. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील संत गुलाम महाराजांनी मद्यत्यागाचा उपदेश केला, तर १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात आदिवासी स्त्रियांनी दारूविरोधी आंदोलन उभारले. सावकार, दारूविक्रेते व जमीनमालक यांच्या पकडीतून सुटण्याची आकांक्षा या चळवळींमागे होती. त्यांचे सामाजिक मोल मोठे आहे. परंतु त्यांचाही रोख स्वाभाविकपणे फुलापासून होणाऱ्या मद्यावर होता.

बियांचा दुर्लक्षित प्रश्न

गावातील कोणते झाड कोणत्या कुटुंबाने वेचावे, याचे संकेत परंपरेने ठरलेले असतात. त्यामुळे शेताच्या बांधावरील मोह सहसा तोडला जात नाही. रूढीने उभ्या झाडाचे रक्षण केले, कायद्याने फुलाचे नियमन केले. रोपाची जबाबदारी मात्र कोणावरच पडली नाही. फुले सहज वेचता यावीत म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. त्या आगीत मागील पावसाळ्यात उगवलेली रोपे करपतात. टोळंबीचे तेल घरात उपयोगी पडते व बीही बाजारात विकले जाते, त्यामुळे पडलेल्या बियांपैकी बऱ्याचशा वेचल्या जातात. उरलेल्या रोपांना गुरांच्या चराईला तोंड द्यावे लागते. परिणामी जुनी झाडे उभी दिसतात, त्यांच्या जागी येणारी पिढी मात्र विरळ राहते.

मोहाला फुलावर येण्यास साधारण दहा वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नास त्याहून अधिक काळ जावा लागतो. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अशा गावांतील कुटुंबाला पुनर्वसनात जमीन मिळाली, तरी फुलावर आलेला मोह तिच्याबरोबर मिळू शकत नाही.

निष्कर्ष

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील स्वामित्व वननिवासी समाजास दिले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन, वाहतूक व साठवणुकीवरील निर्बंध शिथिल केले. सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेल्या नियंत्रणानंतर झालेला हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि, फूल मोकळे झाल्याने वृक्षाचे भवितव्य आपोआप सुरक्षित होत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या व्यवस्थापन आराखड्यांत पाला न जाळता झाडून घेणे वा झाडाखाली जाळी अंथरणे, प्रत्येक झाडाखाली काही बी राखून ठेवणे, ताजे बी पहिल्या पावसातच पेरणे आणि रोपांना कुंपण करणे या साध्या बाबींना स्थान मिळणे आवश्यक आहे. फुलावरील हक्काला बियांच्या संगोपनाची जोड मिळाली, तरच सातपुड्यातील पुढच्या पिढ्यांना वेचण्यासाठी मोह उरेल.