आवृत्तिबद्ध अवलंबन (डेबियन)

डेबियन या लिनक्स प्रणालीत (स्थापना १९९३) एका पॅकेजला दुसऱ्याची कोणती आवृत्ती चालेल, हे नोंदवण्याची पद्धत. पॅकेजच्या ‘डिपेंड्स’ या कलमात ‘लिबसी६ (>= २.३६)’ असे असेल, तर लिबसी६ या सी लायब्ररीची तेवढी किंवा त्यापुढची आवृत्ती बसवल्याशिवाय डीपीकेजी हे पॅकेज बसवणारे साधन ते पॅकेज कॉन्फिगर करत नाही. तुलना दशांश अपूर्णांकाप्रमाणे होत नाही, २.१० ही २.९ च्या नंतरची आवृत्ती. ‘~’ चिन्ह मात्र आवृत्तीला मागे ढकलते, म्हणून चाचणीची १.०~आरसी१ ही १.० च्या आधीची ठरते.

खरी गफलत होते ती फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवताना. ती फाइल अजून जुन्या पॅकेजच्या ताब्यात दिसली, की डीपीकेजी तिच्यावर दुसरी फाइल लिहायला नकार देतो आणि अपग्रेड अर्ध्यावर अडकते. यासाठी नव्या पॅकेजात ‘ब्रेक्स’ (जुन्याशी जुळत नाही) आणि ‘रिप्लेसेस’ (जुन्याच्या फाइलींवर लिहू द्यावे) ही दोन्ही कलमे जुन्या पॅकेजच्या आवृत्तीची मर्यादा घालून द्यावी लागतात. एकट्या ‘रिप्लेसेस’वर भागवणे ही जुनी खोड आहे.

कधी आवृत्तीचे आकडे पुरतच नाहीत, पॅकेजचे नावच बदलावे लागते. ३२-बिट वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. ती ६४-बिट करताना डेबियन १३ मध्ये (२०२५) अनेक लायब्ररींची नावेच बदलली. लिबएसएसएल३ चे लिबएसएसएल३टी६४ झाले. अशा वेळी ‘एपीटी अपग्रेड’ ही आज्ञा अपुरी पडते, कारण नव्या नावाच्या पॅकेजसाठी जुने काढावे लागते आणि ती बसवलेले पॅकेज काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ काढते, म्हणून तिने दाखवलेली काढण्याची यादी होकार देण्यापूर्वी वाचावी.