डोमेनमध्ये ब्रँडचं नाव टाकताय? आधी हे वाचा

डोमेन विकत घेणं आता मोबाईल रिचार्ज करण्याइतकं सोपं झालंय. नाव टाइप करा, ‘अव्हेलेबल’ दिसलं की यूपीआयने पैसे भरा, झालं. पण ‘अव्हेलेबल’ याचा अर्थ ‘ते नाव वापरायला कायद्याने मोकळं आहे’ असा होत नाही. हे मला ठेच लागल्यावर कळलं. तुम्हाला ठेच लागू नये म्हणून हा लेख.

माझं काय झालं?

मी मुरुड तालुक्यातल्या आगरदांड्याचा. आमच्या जेट्टीवरून दिघीला फेरीबोट सुटते, त्यामुळे दिवेआगर-श्रीवर्धनला जाणारे पर्यटक आमच्या गावातूनच जातात. घरच्या दोन खोल्या आम्ही त्यांना राहायला देतो. मी मोबाईलवरूनच एक साधी वेबसाइट बनवली. डोमेनमध्ये एका मोठ्या रूम बुकिंग कंपनीचं नाव घेतलं आणि त्याला ‘मुरुड’ जोडलं. लोक तेच नाव सर्च करतात, मग आपण वर दिसू, एवढाच हिशोब.

बुकिंग यायला लागलं. व्हिजिटिंग कार्डं छापली, जेट्टीजवळ क्यूआर कोडचा बोर्ड लावला. आणि ऐन डिसेंबरच्या सीझनमध्ये त्या कंपनीच्या वकिलाचा ईमेल आला : सात दिवसांत वेबसाइट बंद करा आणि डोमेन आमच्या नावावर करा. मी चिडलो. पैसे भरून घेतलंय, चोरलंय थोडंच! बाबा एवढंच म्हणाले, “नाव आपलं होतं का रे?” शेवटी डोमेन सोडलं. बोर्ड, कार्डं, जुन्या गिऱ्हाइकांकडे असलेली लिंक, सगळं वाया गेलं.

ट्रेडमार्क आणि डोमेन : फरक काय?

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. जो आधी पैसे भरतो त्याला तो मिळतो, आणि विकणारी कंपनी ट्रेडमार्क तपासत बसत नाही. ट्रेडमार्क म्हणजे मालाची किंवा सेवेची ओळख. भारतात त्यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम २९ नुसार दुसऱ्याचा नोंदणीकृत मार्क त्याच प्रकारच्या धंद्यासाठी आपल्या व्यवसायाच्या नावात वापरला तर ते उल्लंघन ठरतं. ब्रँड खूप नावाजलेला असेल तर वेगळ्या धंद्यातही अडचण येऊ शकते.

आणि मार्क नोंदणीकृत नसला तरी? तरीही ‘पासिंग ऑफ’चा दावा होऊ शकतो. म्हणजे आपला माल दुसऱ्याचा असल्याचं भासवून त्याच्या नावावर धंदा करणं.

कोर्टं काय म्हणाली?

* याहू (१९९९) : ‘याहूइंडिया.कॉम’ वापरणाऱ्याला दिल्ली हायकोर्टाने मनाई केली. ‘आमचा मूळ कंपनीशी संबंध नाही’ अशी तळटीप टाकली म्हणून सुटका होत नाही, हेही कोर्टाने सांगितलं.
* रेडिफ (१९९९) : हे आपल्या मुंबईचं प्रकरण. कुणीतरी ‘रॅडिफ.कॉम’ घेतलं होतं. एका अक्षराचा फरक, पण लोकांची फसगत होऊ शकते म्हणून मुंबई हायकोर्टाने मनाई हुकूम दिला.
* सिफी (२००४) : सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की डोमेन हा नुसता पत्ता नसतो, ती धंद्याची ओळख असते. त्यामुळे डोमेनलाही पासिंग ऑफचे नियम लागू होतात.
* शादी.कॉम (२०१६) : इथे उलट झालं. ‘सेकंडशादी.कॉम’वर बंदी घालायला मुंबई हायकोर्टाने नकार दिला. ‘शादी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, त्यावर सहजासहजी मक्तेदारी सांगता येत नाही.

थोडक्यात, ‘रूम’, ‘मासळी’, ‘मुरुड’ असे सर्वसाधारण शब्द बऱ्यापैकी सुरक्षित. कुणीतरी घडवलेलं खास नाव धोक्याचं.

डोमेन हातातून कसं जातं?

दर वेळी कोर्टच लागतं असं नाही. ‘.कॉम’सारख्या डोमेनसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रार पद्धत आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : डोमेन त्याच्या मार्कसारखंच किंवा फसवं वाटेल इतकं जवळचं आहे, तुमचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. निकाल विरोधात गेला तर डोमेन रद्द होतं किंवा तक्रारदाराकडे जातं. यात नुकसानभरपाई नसते. ‘.इन’साठी अशीच पद्धत आयएनडीआरपी नावाने चालते आणि ती निक्सी ही संस्था बघते.

कोर्टात मात्र भरपाई किंवा कमावलेला नफा मागता येतो. काही परिस्थितीत कंपनी आपल्या धंद्याच्या ठिकाणीही दावा लावू शकते. म्हणजे आगरदांड्याच्या माणसाला तारखेला दिल्ली गाठावी लागू शकते. आणि ब्रँडची नकली साइट काढून लोकांना फसवलं, तर आयटी कायद्याच्या कलम ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘मी तर त्यांचेच फोन रिपेअर करतो!’

हा प्रश्न रास्त आहे. दुकानात ‘अमुक कंपनीचे फोन दुरुस्त करून मिळतील’ असं खरं ते सांगायला कायदा जागा ठेवतो. पण डोमेनमध्ये ब्रँड घेतलात तर कसोटी कडक होते. २००१ च्या ‘ओकीडेटा’ प्रकरणात यूडीआरपीच्या पॅनेलने अटी सांगितल्या : ती सेवा खरंच देत असाल, साइटवर फक्त त्याच ब्रँडचा माल असेल, कंपनीशी तुमचं नातं काय ते स्पष्ट लिहिलेलं असेल, आणि त्या नावाची सगळी डोमेन तुम्ही अडवून ठेवलेली नसतील. सोपा मार्ग म्हणजे डोमेन आपल्या दुकानाच्या नावाचं घ्या, ब्रँडचा उल्लेख आतल्या पानावर करा.

हापूसवाल्यांनो, इकडेही लक्ष द्या

जीआय टॅग ही वेगळी गोष्ट. रायगडसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये, तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मिळाला. डोमेनमध्ये ‘रायगड हापूस’ आणि पेटीत परराज्यातला आंबा, असं केलंत तर जीआय कायद्याखाली गोत्यात याल.

डोमेन घेण्याआधी ही ४ कामं करा

1. आयपी इंडियाच्या साइटवर ‘पब्लिक सर्च’ फुकट आहे. नाव टाकून बघा, उच्चारावरूनही शोधा. एकूण ४५ वर्ग आहेत. लॉज-खानावळ ४३ व्या वर्गात, ताजी फळं ३१ व्या.
2. गूगल, प्ले स्टोअर, इन्स्टाग्रामवर तेच नाव कुणी वापरतंय का ते पाहा.
3. स्पेलिंग थोडं बदलून किंवा ‘.भारत’वर देवनागरीत घेऊन सुटू, असं समजू नका. उच्चार सारखा असला तरी अडचण येते.
4. नाव मोकळं असेल तर स्वतःच नोंदवून टाका. एका व्यक्तीसाठी एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं.

नोटीस आलीच तर?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तारखा लिहून ठेवा, साइटचे स्क्रीनशॉट घ्या, वकिलाला दाखवा. रायगडकरांसाठी अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. पात्र लोकांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

आणि ‘इतके पैसे द्या, मग डोमेन देतो’ असं चुकूनही लिहू नका. कॅनडातल्या माइक रो या १७ वर्षांच्या मुलाने आपल्या नावावरून ‘माइकरोसॉफ्ट.कॉम’ घेतलं होतं. मायक्रोसॉफ्टने १० डॉलर देऊ केले, त्याने १०,००० मागितले, आणि वकिलांनी तीच मागणी वाईट हेतूचा पुरावा म्हणून पुढे केली. २००४ मध्ये तडजोड झाली, डोमेन कंपनीकडे गेलं.

आमच्या खोल्यांना आता आजीचं नाव आहे, डोमेनही तेच. पहिल्या सीझनला बुकिंग कमी आलं, हे खरं. पण आता गिऱ्हाईक आम्हालाच शोधत येतं, आणि जेट्टीवरचा बोर्ड परत काढायची वेळ आलेली नाही.