तेल, साबण आणि पुणे-सांगलीचे दोन उन्हाळे

०.१ ते १० टक्के कडुनिंबाच्या बियांतून काढलेलं तेल, ०.००५ ते ५ टक्के तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य आणि बाकी पाणी. हे मिश्रण फवारून पिकावरची बुरशी आवरायच्या पद्धतीवर युरोपच्या पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिलं. घेणारे दोघे: अमेरिकेचं कृषिखातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी. हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा चिडतो, कारण याच मिश्रणावर माझं पोट आहे.

भिवंडीच्या पूर्णा गावात, जिथे पूर्वी भातखाचरं होती, तिथल्या एका गोदामात मी शेतीच्या औषधांचा माल तपासतो. थंडीत निंबतेलाचे ड्रम येतात ते थिजलेलेच. तयार औषध आलं की पहिली परीक्षा पाण्यातली. पाणी मुद्दाम क्षार घालून जड केलेलं, कारण शेतकऱ्याच्या विहिरीला नळाचं पाणी नसतं. १०० मिलीच्या मोजनळीत ५ मिली औषध सोडायचं. माल चांगला असेल तर धार पडताक्षणी पांढरे लोट उठतात आणि नळी दोनदा उलटसुलट केली की सगळं दूध होतं. मग ३० अंशांवर तासभर हात लावायचा नाही. वरची साय आणि तळाचा साका मिळून २ मिलीच्या वर गेला, तर माल परत.

यात हयगय चालत नाही. हे दूध, म्हणजे इमल्शन, फुटलं की तेल वर तरंगतं आणि पंप खालून ओढतो. मग पहिल्या सरींना नुसतं पाणी मिळतं, शेवटच्या सरीवर तेल पडून पानं करपतात आणि शेतकरी म्हणतो, निंबाचं औषध बोगस.

ही विद्या जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कृषिखात्याच्या सल्ल्यांत किडीवर रॉकेल आणि साबणाचं घोटलेलं मिश्रण असे. घरोघरी रिठा किंवा कपड्याचा साबण हेच काम करी. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पण जड पाण्यातला चुना साबणाला गाठतो, साबणाचा चोथा होतो आणि तेल मोकळं सुटतं. म्हणून पुढे एरंडेलापासून बनवलेली, चुन्याला न जुमानणारी द्रव्यं आली. स्वस्त मालात कात्री लागते ती नेमकी यांनाच.

याच जुन्या विद्येवर घेतलेल्या त्या युरोपीय पेटंटविरुद्ध १९९५ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या मागदा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आयुर्वेद, परंपरा, पिढीजात वापर असं सगळं मांडलं गेलं. पण निर्णायक वजन पडलं ते आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांचं. १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांत अभय फडके यांनी निंबाच्या औषधाच्या शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. पेटंटच्या दाव्यातल्या सगळ्या गोष्टी त्या चाचण्यांतून आधीच उघड झाल्या होत्या, असं कार्यालयाच्या विरोध विभागाने मानलं. म्युनिकमध्ये १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं. अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.

या लढाईबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि बोलावंच. पण मला त्यातली धाकधूक जास्त जाणवते. गावोगाव हजारो हातांनी निंबोळी वाटली, साबण घोटला, फवारा मारला; त्यातलं कागदावर किती उतरलं? परंपरा आहे म्हणून परकं कार्यालय गप्प बसत नाही. त्याला साल लागतं, गाव लागतं, सांगणारा माणूस लागतो.

म्हणून जे शेतकरी आजही घरी निंबोळी अर्क करतात, त्यांना माझी विनंती आहे: एक वही ठेवा. कोणत्या विहिरीचं पाणी, तेल किती, साबण कोणता आणि किती, किती वेळाने साय आली, कोणत्या पिकावर काय गुण आला, हे तारखेसह लिहा आणि खाली सही करा.