दिली शहरात एक दिवस
तिमोर-लेस्तच्या राजधानीत, दिली शहरात, समुद्रकाठाने एकटाच चालत होतो. सरकारी पाट्या पाहून थबकलो. पोर्तुगीज! आमच्या कचेरीतल्या जुन्या दस्तऐवजांची ही भाषा इथे आजही राजभाषा आहे. १८४४ पर्यंत तिमोर गोव्याच्याच अखत्यारीत होते.

दुपारी सांताक्रूझ दफनभूमीत गेलो. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी इंडोनेशियाच्या सैन्याने इथे निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. आपण १९६१ मध्ये मुक्त झालो. हे लोक १९७५ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून सुटले ते थेट इंडोनेशियाच्या तावडीत सापडले. स्वातंत्र्य उजाडले २००२ साली.

इंडोनेशियाने शाळांतून हद्दपार केलेली पोर्तुगीज त्यांच्या लढ्याची भाषा झाली. आपल्याला जी गुलामीची खूण वाटते, तीच त्यांची ढाल ठरली. त्या कबरींपुढे माझा जुना राग जरा निवला.