५५ मासे : गंजिफा, बाजार कलम आणि आपली मिनिएचर्स

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित भाग, थोडा साफसूफ करून. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात आत्ता ब्रश असेल तर तो खाली ठेवू नका. रंगवता रंगवता ऐकायचाच हा विषय आहे.

साल १५२७. बाबर आग्र्यात आहे. पानिपत होऊन वर्ष उलटलंय, खानव्याची लढाई तर याच मार्चमध्ये झालीय. अशा धामधुमीत हा माणूस आपल्या रोजनिशीत एक छोटीशी नोंद करतो : सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा फार आवडतो, त्याने मागवला होता, म्हणून एका माणसाबरोबर पाठवून दिला. बस. हिंदुस्थानातल्या पत्त्यांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण या नोंदीपासून करतात. मला तिच्यातली गंमत वेगळीच वाटते. ते पत्ते छापलेले नव्हते. कुणीतरी बसून एकेक पत्ता ब्रशने रंगवला होता, आणि दुसरं कुणीतरी दूर बसून त्या संचाची वाट बघत होतं.

आता हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. मी नगरचा. म्हणजे आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच आहे. दिवसा कोड लिहितो, रविवारी सावेडीत एका मित्राकडे आम्ही चौघं टेबलावर फौजा मांडून खेळतो. प्लास्टिकच्या ३२ मिलिमीटरच्या आकृत्या, राखाडी रंगात येतात, आपण रंगवायच्या. प्राइमर मारा, तळरंग द्या, वॉश ओता, कडांना हायलाइट करा, शेवटी वार्निश. या छंदाचा इतिहास कुठेही शोधा, तोच मिळतो : एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तक करून छापले, १९८३ साली वॉरहॅमर आलं, आणि पुढचं सगळं इंग्लंड-अमेरिकेचं. ठीक आहे, तो इतिहास खराच आहे. पण टेबलावर किंवा सतरंजीवर खेळण्यासाठी इवल्याशा गोष्टी हाताने रंगवणं आपल्याकडे नव्हतं का? दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा. आपले मावळे बुरुजापेक्षा उंच असायचे, स्केलच्या नावाने बोंब, पण पागोट्याचा लाल आणि मिशीचा काळा अंगणाच्या टोकावरूनही दिसायचा.

मावळ्यांशी आपण खेळायचो, पण त्याला नियम नव्हते. नियम असलेला, हरजीत असलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताने रंगवलेला आपला खेळ म्हणजे गंजिफा.

आधी खेळ समजून घेऊ, कारण रंगकाम खेळातूनच आलंय. पत्ते गोल, साधारण बिस्किटाएवढे. गोल असल्यामुळे उलटा-सुलटा प्रश्नच नाही. मुघल पद्धतीच्या संचात ८ रंग आणि ९६ पत्ते. आपल्याकडच्या दशावतारी संचात १० रंग, म्हणजे १० अवतार, आणि प्रत्येक रंगात १२ पत्ते : राजा, प्रधान आणि १ ते १०. एकूण १२०. तिघे खेळाडू, प्रत्येकाच्या हातात ४०. हातातले ४० गोल पत्ते, पसरून धरलेले! आपले १३ पत्ते सांभाळताना तारांबळ उडते.

हुकूम नाही. आलेल्या रंगातला मोठा पत्ता हात जिंकतो. दिवसा खेळायला बसलात तर डाव रामापासून सुरू, रात्री बसलात तर कृष्णापासून. आणि एक खोडी आहे : निम्म्या रंगांत दश्शा मोठा, तर उरलेल्या निम्म्यांत उलटं, प्रधानाच्या खालोखाल एक्का. म्हणजे काय पडलं, काय राहिलं हे डोक्यात ठेवायचं, शिवाय कुठल्या रंगात क्रम कसा आहे तेही.

आता रंगवणाऱ्याच्या जागी बसा. पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायची सोय नाही, कारण कोपराच नाही. ४० पत्ते एकावर एक सरकवून धरल्यावर प्रत्येकाची फक्त एक चंद्रकोर दिसते. खेळाडूला तेवढ्यातून कळायला हवं की हा मत्स्य आहे की कूर्म. म्हणून प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे मागचा रंग, वेगळी. पत्त्यांतल्या गटाला मराठीत ‘रंग’च म्हणतात, आणि इथे तो शब्दशः खरा आहे. मग नव्वा आणि दश्शा. कंदिलाच्या उजेडात मोजत बसायला वेळ नाही, त्यामुळे मासे ओळीत असे बसवायचे की नजर टाकताच नऊ ते नऊ आणि दहा ते दहा दिसावेत. हे सौंदर्यशास्त्र वगैरे नाही, ही सरळसरळ इंटरफेस डिझाइनची गोष्ट आहे.

गंजिफाच्या अभ्यासकांकडे दोन सुंदर शब्द आहेत. दरबार कलम आणि बाजार कलम. दरबार कलम म्हणजे राजेरजवाड्यांसाठीचं काम : हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे पत्ते, सोन्याचं काम, राजाच्या सिंहासनामागे चवरी ढाळणारा सेवकसुद्धा नाकीडोळी नीट. बाजार कलम म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे, चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवलेले, चार पैसे टाकून कुणालाही घेता येतील असे. त्यातला मासा म्हणजे दोन-तीन फटके आणि एक ठिपका.

मिनिएचर रंगवणाऱ्यांना हे वाचून हसू आलं असेल. आपण ‘डिस्प्ले क्वालिटी’ आणि ‘टेबलटॉप क्वालिटी’ म्हणतो ते हेच की! नवशिक्याला लाज वाटते ती टेबलटॉपची. ‘हे काय, फक्त खेळण्यापुरतं रंगवलंय.’ माझं म्हणणं आहे की खेळण्यापुरतं रंगवणं हीच अवघड आणि जुनी कला आहे. तीन फुटांवरून ओळखू येणं ही तिची परीक्षा.

दरबारी हात कसा असतो ते बघायला आम्हा नगरकरांना फार लांब जावं लागत नाही. बाबर ती नोंद करत होता तेव्हा इथे पहिला बुऱ्हाण निजामशाह गादीवर होता. त्याचा मुलगा हुसेन निजामशाह जानेवारी १५६५ मधल्या तालिकोटच्या लढाईत होता, आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ रचली. तिची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि दख्खनी चित्रशैलीच्या अगदी आरंभीच्या कामांत ती मोजली जाते. त्यातल्या काही चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती. खुंजा हुमायून. चांदबिबीची आई, आणि नवऱ्यामागे मुलाच्या नावाने काही वर्षं कारभार पाहणारी बाई. पुढे मुलाने तिला कैदेत टाकलं, आणि चित्रांतली तिची आकृती पुसली गेली, वर रंग चढवला गेला. आज त्या जागी एक धूसर डाग आहे. दरबारी चित्र एकाच माणसाच्या मर्जीवर उभं असतं, त्याने ‘पुसा’ म्हटलं की संपलं.

बाजारी गंजिफाला असं कुणी पुसू शकलं नाही. तो वापरून झिजला. फाटला की नवा आणला. म्हणूनच जुने बाजारी संच पूर्ण सापडणं कठीण असतं, आणि दरबारी संच संग्रहालयात व्यवस्थित असतात. खेळाडूंनी बाजारी पत्ते अक्षरशः खेळून संपवले. यापेक्षा मोठी दाद चिताऱ्याला दुसरी कुठली मिळणार?

एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील ५२ पत्ते आले. स्वस्त, सारखे, कोपऱ्यात आकडा असलेले. खेळाडू तिकडे गेले. मग चितारी कुणासाठी रंगवणार?

महाराष्ट्रात हा धागा टिकला तो सावंतवाडीत. अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात दरबारात जमलेल्या विद्वानांबरोबर, तेलंगणाकडून, दशावतारी गंजिफा इथे आला असं सांगतात. गावात चितारी होते, लाकडी खेळणी आणि फळं करणारे. चितार आळी आजही आहे, आणि कोकणात फिरायला गेलेल्या प्रत्येकाच्या आईने तिथून लाकडी केळी आणलेली असतात. स्वातंत्र्यानंतर गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठलं. नुसते संच विकत घेतले नाहीत, त्याच्यासमोर बसून स्वतः शिकले. मग राजवाड्यातच तरुण मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली. आजही वाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार पत्ते रंगवत बसलेले दिसतात.

मी तिथे गेलो तेव्हा चित्रांपेक्षा हात बघत होतो. मनगट टेकलेलं, करंगळी पत्त्यावर, हलतात ती फक्त बोटांची पेरं. हीच बैठक मी नगरमध्ये पाहिली आहे. आमच्याकडचे गणपतीचे कारखाने प्रसिद्ध आहेत, इथून मूर्ती बाहेरच्या राज्यांतही जातात. तिथे सगळं रंगकाम कुणीही करतं, पण डोळ्यांची आखणी ठरलेल्या माणसाकडेच. तो मूर्तीच्या गालावर करंगळी टेकवतो आणि एका साच्याच्या सगळ्या मूर्तींचे डोळे एका बैठकीत उरकतो. ‘मध्ये उठलो की नजर बदलते,’ असं त्याचं म्हणणं.

घरी येऊन मी एक उद्योग आरंभला. जाड कार्डशीटच्या चकत्या कापून घेतल्या आणि मत्स्याचा पूर्ण रंग रंगवायला बसलो. हिशोब करा : १ ते १० ची बेरीज ५५. म्हणजे ५५ मासे. पूर्ण संचात अशी ५५० चिन्हं, शिवाय २० राजे-प्रधान. एका खेळासाठी!

पहिल्या दहा-अकरा माशांपर्यंत मी प्रत्येक मासा ‘काढत’ होतो. बाह्यरेषा, मग आत रंग, मग खवले. पंधराव्याच्या आसपास खवले आपोआप गळाले. तिशीनंतर मासा फटक्यांत यायला लागला : पोटाचा एक जाड फटका, ब्रश उचलता उचलता शेपटीचा झटका, वाळल्यावर डोळ्याचा ठिपका. यात तीन गोष्टी हाताला समजल्या ज्या व्हिडिओ बघून समजत नव्हत्या. रंग दुधाइतका पातळ हवा, आणि ब्रश बुडवल्यावर कागदावर एकदा टिपून मगच कामाला लावायचा. ब्रश बारीक असण्यापेक्षा त्याचं टोक जुळलेलं असणं महत्त्वाचं. शून्य नंबरचा पिंजारलेला ब्रश काही कामाचा नाही, दोन नंबरचा टोकदार चालतो. आणि एकेक पत्ता पूर्ण करायचा नाही, सगळ्या पत्त्यांवर आधी सगळी पोटं, मग सगळ्या शेपट्या. आपल्या भाषेत बॅच पेंटिंग. चिताऱ्यांना हे शिकवायला कुणी यूट्यूबर लागला नाही, पोटासाठी ५५० चिन्हं करायची म्हटल्यावर दुसरा मार्गच नसतो.

त्यानंतर मी माझ्या २० भालाईतांची तुकडी घेतली. भाल्याची २० पाती, मग २० ढाली, मग २० चेहरे. चेहऱ्यावर डोळे काढलेच नाहीत, भुवईखाली गडद सावलीची एक रेघ दिली. टेबलापलीकडून मित्र म्हणाला, ‘हे कुठे बघतायत रे माझ्याकडे?’

एक गोष्ट मात्र खटकत राहते. सावंतवाडीचा संच आज लोक घेतात तो बहुतेक भेट द्यायला नाहीतर फ्रेम करायला. कला वाचली याचा आनंदच आहे, आणि ज्यांनी ती वाचवली त्यांना सलाम. पण ज्या खेळाडूसाठी ती जमीन वेगळी, ती ओळ सरळ, तो ठिपका ठळक होता, तो खेळाडू समोर नाही. संच घेणाऱ्या किती जणांना निम्म्या रंगांत एक्का मोठा असतो हे माहीत असेल? भिंतीवर लावलेला दश्शा नव्व्यासारखा दिसला तरी कुणाचं काही बिघडत नाही. डावात दिसला तर हात जातो. चिताऱ्याच्या चुका आधी खेळाडू पकडायचे, आता पर्यटक फोटो काढतात. माझ्या मते गंजिफासाठी आता करण्यासारखं काम एकच उरलंय, तो खेळणं. तुमच्या बोर्ड गेमच्या अड्ड्यावर, छापील चकत्या घेऊन का होईना.

आम्ही तेच सुरू केलंय. रविवारी फौजा आवरल्या की गंजिफाचा एक डाव. चौघांपैकी एक जण आळीपाळीने चहा करतो, कारण खेळायला तिघेच लागतात. बसेपर्यंत अंधार पडलेला असतो, म्हणून सुरुवात नेहमी कृष्णापासून. मत्स्याचे १२ पत्ते माझ्या हातचे, बाकी १०८ प्रिंटरचे. गेल्या रविवारी माझा सत्ता आठ्ठा समजून एकाने पत्ता राखून ठेवला आणि हात गमावला. चौथी ओळ जरा डावीकडे सरकलीय तिथे. तो पत्ता पुन्हा करणार, आणि मग कूर्म. कासवाला चार पाय, एक डोकं, एक शेपूट. फटके किती लागतील ते अजून ठरत नाहीये.